अक्षरांचा सातबारा

महसूल खात्यात चौतीस वर्षे लेखणी झिजवून अव्वल कारकून या पदावरून निवृत्त झालेल्या मनुष्याने उतारवयात काय करावे, याविषयी आमच्या समर्थनगरात दोन पंथ आहेत. पहिला पंथ पहाटे फिरावयास जाऊन रक्तातील साखरेची चर्चा करतो आणि दुसरा तीच चर्चा घरी बसून फोनवर करतो. यांपैकी एकाचीही दीक्षा न घेता मी सत्तराव्या वर्षी मोडी लिपी शिकावयास बसलो, आणि तेही गुरूपुढे मांडी घालून नव्हे तर नातवाच्या लॅपटॉपपुढे चष्मा पुसत, याला कारण आमच्या माळ्यावरची पत्र्याची पेटी.

ही पेटी पणजोबांची. दिवाळीपूर्वी माळा झाडताना तिच्यावर पाय देऊन वरच्या फळीपर्यंत हात पोहोचविणे, एवढाच तिचा उपयोग आमच्या घरात तीन पिढ्या होत आला होता. परंतु २०२३ सालच्या सप्टेंबरात शासनाने मराठवाड्यातल्या जुन्या दप्तरांतून कुणबी नोंदी शोधून काढण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि निजामी अमदानीतले पुष्कळसे कागद उर्दूत व मोडीत असल्याकारणाने, कालपर्यंत ज्यांना घरचे लोकही दुसरा चहा विचारीत नसत अशा मोडी वाचणाऱ्या मंडळींना लग्नसराईतल्या गुरुजींचा भाव आला. घरोघरच्या पेट्या खाली उतरल्या, तशी आमचीही उतरली. तीत अकरा कागद निघाले. पैकी चार उर्दू होते. ते जुन्या बाजारात राहणाऱ्या माझ्या एका कचेरीतल्या स्नेह्याने चहा निवण्याच्या आत वाचून दाखविले आणि चारही महसुलाच्या पावत्या असल्याचे जाहीर केले. उरलेले सात मोडी. त्यांतल्या एका कागदाच्या माथ्यावर ठसठशीत शिक्का होता, सबब त्या कागदात किमानपक्षी वीस-पंचवीस एकर जमीन दडलेली असलीच पाहिजे, असे आमच्या चिरंजीवांचे मत पडले. आणि जमिनीविषयी चिरंजीवांचे मत एकदा पडले की ते सहसा उठत नाही.

वास्तविक मोडी न येणे ही आमच्या गावच्या माणसाने खाली मान घालावी अशी गोष्ट. ही लिपी यादवांचा श्रीकरणाधिप हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत याने प्रचारात आणली अशी परंपरेची समजूत आहे, आणि कोणी कोणी तर ती त्याने लंकेहून आणली असेही सांगतात; लंकेहून आणण्यासारखे दुसरे पिवळे जिन्नस असताना या गृहस्थाने लिपी आणावी, यावरून तो हाडाचा कारकून असला पाहिजे, एवढे मी स्वानुभवाने सांगू शकतो. त्याची देवगिरी, म्हणजे आजचा दौलताबादचा किल्ला, आमच्या छत्रपती संभाजीनगरापासून पंधरा किलोमीटरांवर आहे. आम्ही दर हिवाळ्यात तिकडे जातो, सीताफळे खातो आणि परत येतो.

मोडीचा वर्ग लावावा असा माझा विचार चालला असता नातू म्हणाला, "आबा, वर्ग कशाला? कम्प्युटरला येते की मोडी." कम्प्युटरला मोडी येते आणि हेमाडपंताच्या शेजाऱ्याला येत नाही, हे वाक्य मी निमूटपणे गिळले. त्याने 'अक्षरमुख' नावाचे एक साधन उघडले. विनोद राजन या तमिळ नावाच्या विद्वानाने केलेल्या या साधनात एका चौकोनात आपल्याला ठाऊक असलेल्या लिपीत मजकूर टाकला की दुसऱ्या चौकोनात तोच मजकूर आपल्याला ठाऊक नसलेल्या लिपीत अवतरतो, आणि अशा ठाऊक नसलेल्या लिप्यांची यादी इतकी लांब आहे की ती पाहून मनुष्यास आपल्या निरक्षरतेचा खरा विस्तार प्रथमच कळावा. मी शुभारंभ म्हणून 'राम राम' लिहिले. पलीकडे एका ओळीत रिकाम्या चौकटी उमटल्या.

"मोडी फारच सोपी दिसते," मी म्हणालो.

नातवाने खुलासा केला, की ही मोडी नव्हे. अक्षराचा क्रमांक यंत्रास ठाऊक आहे, परंतु त्याचे चित्र असलेला फॉन्ट यंत्रात नाही, अशा वेळी यंत्र चौकट दाखविते, आणि या चौकटीस त्या व्यवसायातले लोक 'टोफू' म्हणतात. टोफू म्हणजे सोयाबीनचे पनीर. गुगलने जगातल्या झाडून सगळ्या लिप्यांसाठी जे फॉन्ट करविले त्यांचे नाव 'नोटो' ठेविले, ते 'टोफू नको' या अर्थाने. ज्या मराठवाड्यात पावसाळाभर बांधापासून बांधापर्यंत सोयाबीनच उभे असते तेथल्या मनुष्याच्या रामनामाचेही शेवटी सोयाबीनच व्हावे, याला योगायोग म्हणवत नाही. नोटो मोडी नावाचा फॉन्ट उतरवून घेतल्यावर मात्र चौकटी विरघळल्या आणि त्यांच्या जागी हात न उचलता काढलेली दोन वळणदार जोडपी प्रकट झाली. 'राम राम' मला प्रथमच वाचता आला. अर्थात काय लिहिले आहे हे आधीच ठाऊक असल्यामुळे.

यानंतरच्या महिन्यात मी जी विद्या मिळविली ती मोडीची कमी आणि युनिकोडची अधिक, आणि ती मला इतक्या झटपट समजली की नातू विस्मित झाला. त्यात विस्मयाचे काही नाही. युनिकोड म्हणजे दुसरेतिसरे काही नसून जगातल्या अक्षरांचा सातबारा आहे. प्रत्येक अक्षराला एक गट नंबर. त्या गटात ते अक्षर कायमचे खातेदार. त्याची हद्द ठरलेली, शेजार ठरलेला, आणि एकदा दिलेला नंबर पुन्हा फिरवावयाचा नाही असा सक्त हुकूम. आमच्या खात्यालाही जे साधले नाही ते त्यांनी साधले, ही गोष्ट मी खिलाडूपणाने मान्य करतो. देवनागरीला या मोजणीत १२८ प्लॉट मिळाले आहेत. कोणत्याच मालकाला न देता ज्याने त्याने आपल्या खाजगी सोयीसाठी वापरावा असा एक पट्टा राखून ठेवलेला आहे. आम्ही त्याला गायरान म्हटले असते.

गट नंबर मात्र चमत्कारिक असतात. त्यांत नवानंतर दहा येत नाही; ए, बी, सी, डी, ई, एफ अशी सहा विलायती अक्षरे येतात आणि मग कोठे पुढचे घर भरते. अभियांत्रिकीच्या मुलांनाही ही सोळाची पद्धत प्रथम जड जाते असे नातू म्हणाला. मी त्याला विचारले, की यात जड काय आहे? पंधरा आण्यांपर्यंत आणेच मोजावयाचे आणि सोळावा आणा पडला की रुपया मांडावयाचा, हे माझ्या वडिलांना शाळेत न जाताही येत होते. नातवाने आण्याविषयी पुस्तकात वाचले होते. आमच्या दोघांत त्या दिवशी प्रथमच असे घडले, की कम्प्युटरची एक गोष्ट मी त्याला समजावून सांगितली.

त्यापुढची गंमत तर अशी आहे, की ती कळल्यावर मला दोन रात्री नीट झोप लागली नाही. १९८८ साली भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' नावाचे एक कोष्टक ठरले, आणि ते ठरविणाऱ्यांनी असा सुज्ञ विचार केला, की आपल्या बहुतेक लिप्या ब्राह्मीच्याच लेकी-नाती असून त्यांची वर्णमालाही एकाच क्रमाने चालते, तर सर्वांची घरे एकाच नकाशाने बांधावी. १९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली तेव्हा तिने हाच नकाशा उचलला आणि नऊ लिप्यांना एकीपुढे एक असे १२८ प्लॉटांचे सारखे पट्टे आखून दिले. परिणाम असा, की मराठी 'क'चा नंबर आपल्या साध्या गणतीने २३२५ आहे. त्यात १२८ मिळविले की बंगाली 'क' येतो, ३८४ मिळविले की गुजराती, ७६८ मिळविले की तेलुगू आणि ८९६ मिळविले की कन्नड. म्हणजे लिपी शिकणे हा आता सरस्वतीचा प्रांत उरला नसून बेरजेचा झाला. (ब्राह्मीला स्वतःला मात्र तिचा पट्टा २०१० साली मिळाला. अजिंठ्याच्या भिंतीवर ती इतकी शतके तिष्ठत असता तिच्या पणत्यांना आधी घरे मिळाली आणि खापरपणजीचे घरकुल एकोणीस वर्षांनी मंजूर झाले, हे वाचून मला आमच्या खात्याची फार आठवण आली.)

माझे व्याही नांदेड जिल्ह्यातल्या बिलोलीकडचे, त्यांच्या घरी तेलुगू बोलतात, आणि माझ्या सुनेच्या बारशापासूनचे किस्से ते माझ्यासमोर त्याच भाषेत एकमेकांस सांगत असल्यामुळे मला ती लिपी शिकण्याची जुनी ईर्षा होती. मी 'भाकरी' हा शब्द घेतला, त्याची पाच घटकांत फोड केली, प्रत्येकात ७६८ मिळविले, आणि पडद्यावर गोलगोल, चुरमुऱ्याच्या लाडवांसारखी अक्षरे उमटली. ती मी व्याह्यांस पाठविली. त्यांचे उत्तर आले, की अक्षर झकास आहे, परंतु आमच्यात याला रोट्टे म्हणतात. बेरजेने लिपी येते, भाषा येत नाही, हा धडा मी स्वखर्चाने घेतला.

तमिळच्या बाबतीत तर प्रसंग गंभीर झाला. कोणत्याही कार्याचा आरंभ गणपतीने करावा म्हणून मी 'गणपती' लिहून ६४० मिळविले, तो 'णपती' बिनतक्रार उतरला आणि 'ग'च्या जागी चौकट उभी राहिली. तमिळ लिपीत ख, ग, घ यांसाठी स्वतंत्र अक्षरे नाहीत, एकटा 'क'च चौघांचा कारभार पाहतो. त्यामुळे सामाईक नकाशात त्या लिपीचे हे प्लॉट पडीक ठेवले आहेत. हे कारण तर्कशुद्ध खरे, तरी गणपतीचे नेमके शीरच उडावे आणि धड तेवढे शाबूत राहावे, ही गोष्ट आमच्या सौभाग्यवतींना रुचली नाही. त्यांनी लॅपटॉपला हळदकुंकू लावण्याची सूचना केली. नातवाने वॉरंटीचे कारण पुढे केले.

आता मराठीच्या हक्काविषयी दोन शब्द, कारण खातेदार कितीही मोठा असला तरी पोटहिश्श्यांची तक्रार प्रत्येक घरात असतेच. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' या दोन शब्दांत पहिल्यास नमस्कार करावयाचा असतो आणि दुसऱ्यास जिलबीचा अंदाज विचारावयाचा असतो. हा सर्व फरक त्या अर्धचंद्राकार 'र'वर अवलंबून आहे. एवढा मोलाचा हा 'र', परंतु त्याला युनिकोडात स्वतःचे घर नाही. द्राविड भाषांतला एक 'र' देवनागरीत लिहिता यावा म्हणून जो नुक्ता असलेला 'र' वेगळ्या प्लॉटवर बसविला आहे, त्याचा पाय मोडला की हा आमचा चंद्रकोरी 'र' दिसतो. थोडक्यात, तो तेथे कूळ म्हणून राहतो. उलटपक्षी 'ॲ' या अक्षराचे नशीब पाहा: युनिकोडने त्याला २००८ साली स्वतंत्र नंबर दिला, आणि महाराष्ट्र शासनाने वर्णमालेत 'ॲ' व 'ऑ' यांना स्थान देणारा निर्णय ६ नोव्हेंबर २००९ रोजी काढला. आधी सातबाऱ्यावर नाव आणि मागाहून हुकूम, असा उलटा फेरफार मी माझ्या सबंध नोकरीत पाहिला नाही. म्हणजे निदान कागदोपत्री पाहिला नाही.

या सर्व सुव्यवस्थेपूर्वी काय स्थिती होती, ते माझ्या पिढीने भोगले आहे. त्या काळचे मराठी फॉन्ट हे शुद्ध अतिक्रमण होते. नंबर इंग्रजी अक्षरांचे, घर त्यांचे, आणि आत मराठी अक्षर चेहऱ्याला रंग लावून बसलेले. फॉन्ट आहे तोवर मराठी दिसावयाचे, आणि फॉन्ट नसलेल्या यंत्रावर तीच फाईल उघडली की मूळ मालक ताबा घेऊन बाहेर यावयाचे. एका कचेरीतून माझ्या निरोपसमारंभाचे मानपत्र दुसऱ्या कचेरीत छापण्यास गेले, तेव्हा माझ्या चौतीस वर्षांच्या निष्कलंक सेवेचे वर्णन अर्धविराम, डॉलर, टक्केवारी आणि वाकड्या कंसांत झाले होते. ते वाचून दाखविण्याची वेळ ज्या साहेबांवर आली त्यांनी ते मनातल्या मनात वाचले आणि टाळ्या वाजविल्या. वास्तविक विंडोज २०००बरोबर आपल्या र. कृ. जोशी यांनी घडविलेला 'मंगल' फॉन्ट त्याआधीच आला होता, पण तो कचेऱ्यांत रुळला तेव्हा कोठे मराठी अक्षर स्वतःच्या नावावर उभे राहू लागले. टंकलेखन यंत्रावर आयुष्य घालविलेल्या माझ्यासारख्यास एवढेच जड गेले, की पूर्वी ऱ्हस्व वेलांटी आधी मारून मग अक्षर मारीत असू, आणि आता आधी अक्षर मारावे लागते, मग ती वेलांटी मागून येऊन उडी मारून त्याच्या पुढे बसते. चुकून वेलांटी एकटीच मारली, तर ती ठिपक्यांच्या एका वर्तुळाला टेकून उभी राहते. स्टँडवर शेवटची एस.टी. चुकलेल्या प्रवाशासारखी.

मात्र हिशेबाची एक बाब अजून मिटलेली नाही. आमच्या शहराचे जुने नाव 'औरंगाबाद'. ते डोळ्यांना पाच अक्षरांचे, युनिकोडला आठ घटकांचे, आणि यंत्राच्या पोटात प्रत्येक घटकास तीन याप्रमाणे चोवीस बाइटांचे. 'छत्रपती संभाजीनगर' हे नवे नाव डोळ्यांना दहा अक्षरांचे, युनिकोडला मधल्या मोकळ्या जागेसह सतरा घटकांचे, आणि पोटात एकोणपन्नास बाइटांचे. एका कार्यालयाच्या अर्जात गावाच्या रकान्याला चाळीस बाइटांची मर्यादा होती. सबब त्यांच्या दप्तरी माझा मुक्काम 'छत्रपती संभाजी' येथे असून 'नगर' नेमके रकान्याबाहेर राहिले आहे. दुरुस्तीचा अर्ज दिला आहे. त्या अर्जातही गावाचा रकाना आहे.

असो. मोडीकडे वळतो, कारण चिरंजीव रोज संध्याकाळी एकरांची चौकशी करीत होते. मोडीला युनिकोडात जागा मिळाली ती २०१४ च्या जूनमध्ये, सातव्या आवृत्तीत, अंशुमान पांडे या लिपिसंशोधकाच्या प्रस्तावावरून. ही जागा पहिल्या ६५,५३६ प्लॉटांच्या गावठाणात नाही. ती बाहेरच्या नव्या वसाहतीत आहे, आमच्याकडे दरवाजांच्या आतले शहर भरल्यावर सिडको वसली तशी. पट्टा ९६ प्लॉटांचा, पैकी ७९ बांधलेले. त्या ७९ मध्ये ऱ्हस्व व दीर्घ वेलांटी वेगवेगळ्या, ऱ्हस्व व दीर्घ उकार वेगवेगळे, अशी तजवीज पाहून मी ते सर्व मनोभावे पाठ केले. फ्लॅशकार्डांचा एक कार्यक्रम नातवाने मांडून दिला होता. त्यात मी तीन आठवड्यांत शंभरापैकी शहाण्णव गुणांपर्यंत मजल मारली आणि समर्थनगरात थोडा ताठ चालू लागलो.

मग पेटीतला कागद उघडला आणि मला एक अक्षर लागेना.

ज्या कुळकर्ण्याने तो कागद लिहिला त्याने ७९ अक्षरांची यादी पाहिलेली नव्हती. त्याने प्रथम पानभर आडव्या रेघा ओढल्या, आणि मग बोरू बुडवून त्या रेघांना अक्षरे अशी लटकाविली, की जणू वाळवणाच्या दोरीवर अख्ख्या वाड्याचे धोतर-लुगडे एकदम पडावे. दोन शब्दांत अंतर नाही, विरामचिन्ह नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा विधिनिषेध नाही. युनिकोडने जपून ठेवलेल्या दोन वेलांट्यांपैकी एक त्याने जन्मात वापरली नसावी. पडद्यावरचे मोडी अक्षर म्हणजे फोटो काढण्यासाठी बसविलेला नवरदेव, आणि कागदावरचे म्हणजे तोच मनुष्य पंचवीस वर्षांनी, पाऊस लागलेला, बैल सोडून घराकडे निघालेला. ओळख पटवावी कशी?

पटली ती निराळ्याच मार्गाने. एके रात्री नऊच्या सुमारास, भिंग धरून त्याच त्या तिसऱ्या ओळीकडे पाहत असता, माझ्या लक्षात आले की ओळीच्या शेवटी 'ऐसे जे' असलेच पाहिजे, कारण 'कारणे लिहून दिले' यानंतर दुसरे काही येतच नाही. मी अक्षरे वाचलीच नव्हती; मी मसुदा वाचला होता. चौतीस वर्षे ज्या साच्याचे कागद मी हाताखालून घातले, त्याच साच्याचा तो थोरला भाऊ होता. 'मौजे मजकूर' सापडले, त्यावरून 'म' आणि 'ज' सापडले. त्यांवरून पणजोबांचे नाव. आणि असे एकास एक धरून, सुताने स्वर्ग गाठावा तसा, मी होळीपर्यंत शेवटच्या सहीपाशी पोहोचलो. मध्ये एका जागी एक आकडा व त्यापुढे दोन उभे दंड पाहून पणजोबांनी एखादी ओवी रचून तिच्या शेवटी क्रमांक घातला असावा असे मला वाटले, आणि आपल्या रक्तात काव्य असल्याच्या कल्पनेने मी दोन दिवस विचारमग्न होतो. पुढे कळले की ते दोन दंड म्हणजे अर्धा. '१॥' म्हणजे दीड.

दीड मण. ज्वारी. सन १३३२ फसली, म्हणजे इसवीचे १९२२-२३. कागदाचा आशय असा, की आमच्या पणजोबांनी पेरणीसाठी दीड मण ज्वारी उसनी घेतली असून ती सवाईने परत करावयाची आहे. परत केल्याची नोंद त्या कागदावर नाही, उरलेल्या सहांवरही नाही. ठसठशीत शिक्का होता तो मुद्रांकाचा. जमीन एक गुंठाभरसुद्धा नाही. आणि ज्वारी देणाऱ्याचे आडनाव वाचताना मात्र मी भिंग खाली ठेवले, कारण ते आमच्याच मूळ गावच्या, सध्या आमच्यापासून तिसऱ्या घरात राहणाऱ्या आणि माझ्याबरोबर रोज बुद्धिबळ खेळणाऱ्या अण्णांचे होते.

नातवाने ताबडतोब हिशेब केला. दरसाल सवाई, चढत्या व्याजाने, शंभर वर्षे: सुमारे ७३६ कोटी मण. चिरंजीव हे ऐकून पेटी पुन्हा माळ्यावर ठेवण्याच्या मताचे झाले आणि सौभाग्यवतींनी त्या संध्याकाळी अण्णांकडे धपाटे पाठविले. परंतु चौतीस वर्षांच्या निष्कलंक सेवेचे मानपत्र, भले ते डॉलर-टक्केवारीत का असेना, ज्याच्या घरी आहे त्याने देणे लपवावे हे मला पटेना. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सर्व हकीकत, वर्ष, वजन, दर, पणजोबांची कबुली आणि माझा खेद यांसह, एकही काना न वगळता लॅपटॉपवर लिहिली, तिचे शुद्ध मोडीत रूपांतर केले, आणि ती अण्णांच्या फोनवर पाठवून दिली. त्यांचा फोन जुना आहे, हे मला ठाऊक होते.

दहा मिनिटांत उत्तर आले: "चौकटी मिळाल्या. शब्दकोडे झकास दिसते. पण आडवे शब्द कोणते आणि उभे कोणते, ते कळवा. संध्याकाळी बसून भरू."